एक 'कॅरी' आणि अनेक खांदे

'शी वॉज कॅरिंग अ चाइल्ड' हे इंग्रजी वाक्य शाळकरी मुलालाही अवघड वाटू नये इतके साधे आहे. ती स्त्री गर्भवती होती, तिच्या कडेवर मूल होते की पाठीवर, हे मागच्या-पुढच्या मजकुरावरून कळले तर कळले. न कळले तरी वाक्य अडत नाही. पण हेच वाक्य व्हिएतनामी भाषेत लिहायला घेणाऱ्या अनुवादकाची लेखणी क्रियापदापाशी येऊन थांबते. मूल पोटात असेल तर एक शब्द, दोन्ही हातांवर किंवा कडेवर असेल तर दुसरा, पाठुंगळीला असेल तर तिसरा, पाठीवर कापडाच्या झोळीत बांधलेले असेल तर चौथा आणि सायकलीवर मागे बसवलेले असेल तर पाचवा. यांपैकी काहीच ठरवायचे नाही, अशी सोय ती भाषा सहसा देत नाही. युद्धकाळातील एखाद्या आठवणीत हे वाक्य आले असेल, तर चुकीच्या शब्दाने तान्ह्या बाळाला घेऊन पळणारी आई गर्भवती होऊन बसते. दोष कोशाचा नसतो. शब्द निवडण्यापूर्वी जो प्रश्न विचारायला हवा होता तो विचारला गेलेला नसतो, इतकेच.

इंग्रजी-व्हिएतनामी कोशात 'कॅरी' हा शब्द उघडला की चार-पाच प्रतिशब्द स्वल्पविरामांनी एकमेकांना चिकटून उभे असतात. शिकणाऱ्याला वाटते, हे समानार्थी शब्द आहेत, कोणताही उचलावा. प्रत्यक्षात ते समानार्थी नाहीत. भार एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो, एवढेच इंग्रजी क्रियापद सांगते. तो भार शरीराच्या कोणत्या भागावर आहे, तो वाहणारे किती जण आहेत आणि त्यासाठी कोणते साधन वापरले आहे, हे व्हिएतनामी क्रियापद सांगते.

या शब्दांकडे वळण्यापूर्वी उच्चारांविषयी थोडेसे सांगायला हवे. व्हिएतनामी ही सूरभाषा आहे. उत्तरेकडील प्रमाण उच्चारात सहा सूर आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. देवनागरीत ते सूर दाखवता येत नाहीत, त्यामुळे येथे दिलेले उच्चार स्थूल आहेत. शब्दाच्या शेवटी येणारा 'ङ' हा 'गंगा' या शब्दातील अनुनासिकाचा ध्वनी आहे आणि 'ञ' हा 'चंचल'मधला. मराठीत ही दोन्ही अक्षरे वर्णमालेच्या तक्त्याबाहेर फारशी पडत नाहीत. व्हिएतनामी लिहिताना मात्र त्यांच्यावाचून चालत नाही.

सर्वांत व्यापक शब्द 'माङ'. काहीही बरोबर नेणे वा आणणे. त्याला दिशेचा शब्द जोडला की अर्थ नेमका होतो: 'माङ दी' म्हणजे घेऊन जाणे, 'माङ वे' म्हणजे घेऊन परतणे. हनोई किंवा हो ची मिन्ह सिटीमधील कॉफीच्या दुकानांवर 'माङ दी' किंवा 'माङ वे' अशी पाटी दिसते. आपल्याकडे ज्याला 'पार्सल' म्हणतात, तेच हे. दक्षिणेकडे 'माङ'चा आणखी एक वापर आहे. बूट किंवा मोजे घालण्यालाही तिथे 'माङ' म्हणतात. उत्तरेत बुटांसाठी 'दी' म्हणजे 'जाणे' हेच क्रियापद वापरले जाते. एकाच देशात कोणी बूट 'वाहतो', तर कोणी बूट 'जातो'.

'माङ'नंतर खरी गंमत सुरू होते. लाकडाचा ओंडका, धान्याचे पोते, कुदळ किंवा बंदूक खांद्यावर टाकून नेणे म्हणजे 'वाक'. पिशवी मुठीत धरून हात खाली सोडून नेणे म्हणजे 'साइक'. भरलेले तबक किंवा वाफाळता वाडगा दोन्ही हातांनी समोर धरून नेणे म्हणजे 'बुङ'. नुसते हातात धरणे 'कम', छातीशी कवटाळून नेणे 'ओम', डोक्यावरून नेणे 'दोय'. कपाट, खाट, आजारी माणूस किंवा शवपेटी अशी एकट्याला न पेलणारी वस्तू दोघांनी वा अधिक जणांनी मिळून उचलली की ते 'खिएङ'. देवाच्या मिरवणुकीत पालखी वाहिली जाते तेव्हाही हाच शब्द येतो. मुलाला कडेवर किंवा हातांवर घेणे उत्तरेत 'बे', तर मध्य आणि दक्षिण भागांत 'अम' किंवा 'बोङ'. पाठुंगळीला घेणे 'कॉङ'. उत्तरेच्या डोंगराळ भागातील स्त्रिया भरतकाम केलेल्या कापडाने मूल पाठीला बांधून शेतावर जातात, ते 'दिऊ'. त्या कापडालाही 'दिऊ'च म्हणतात.

मराठी वाचकाला यात परके असे काही वाटणार नाही. कडेवर घेणे, पाठुंगळीला घेणे, खांद्यावर टाकणे हे सारे भेद मराठीतही रोज केले जातात. फरक असा, की मराठी ते दोन शब्दांनी करते. शरीराचा अवयव वेगळा सांगते आणि त्याला 'घेणे', 'नेणे', 'टाकणे' यांपैकी एखादे साधे क्रियापद जोडते. व्हिएतनामी भाषेत अवयव क्रियापदाच्या पोटातच असतो, तोही एका अक्षरात. त्या भाषेत क्रियापदाला काळाचे, लिंगाचे वा वचनाचे प्रत्यय लागत नाहीत. काल, आज आणि उद्या शब्द तोच राहतो. मराठी क्रियापद आपली सारी शक्ती 'गेला-गेली-गेले' यात खर्च करते. व्हिएतनामी क्रियापद ती शक्ती कृतीचे चित्र काढण्यात वापरते.

'दोय' या शब्दाची एक छटा लक्षात घेण्यासारखी आहे. डोक्यावर पाटी वाहणे आणि डोक्यावर टोपी घालणे यांना व्हिएतनामी भाषेत एकच शब्द आहे. ताडाच्या पानांची ती प्रसिद्ध शंकूच्या आकाराची टोपी 'दोय' केली जाते आणि दुचाकीवरचे हेल्मेटही. व्हिएतनामने १५ डिसेंबर २००७ पासून सर्व रस्त्यांवर दुचाकीस्वारांना हेल्मेट सक्तीचे केले. हेल्मेट हा पोशाख आहे की ओझे, हा आपल्याकडे अधूनमधून पेटणारा वाद त्या भाषेला निदान शब्दापुरता तरी पडत नाही.

या सगळ्या कुटुंबात ज्याच्याकडे वडीलकी जावी असा शब्द म्हणजे 'गाञ'. चिरलेल्या बांबूची लवचिक दांडी एका खांद्यावर आडवी ठेवायची, दोन्ही टोकांना दोरीच्या किंवा वेताच्या शिंक्यांत टोपल्या अडकवायच्या आणि झुलत्या लयीत चालू लागायचे. मराठीत याला कावड हा नेमका शब्द आहे. पण आज कावड म्हटले की बहुधा पाण्याची किंवा देवाची कावड आठवते. व्हिएतनामात त्या दांडीवर, म्हणजे 'दॉन गाञ'वर, बाजारहाट चालत आला. भात, भाजी, मडकी, कोळसा सारे तिच्यावरून गेले. आज जगभर पोहोचलेला 'फो' हा नूडल्सचा रस्सा विसाव्या शतकाच्या आरंभी हनोईच्या गल्ल्यांतून असाच फिरत असे. एका टोकाला चूल आणि रश्शाचे पातेले, दुसऱ्या टोकाला नूडल्स, मांस आणि वाडगे. म्हणजे अख्खे उपाहारगृह एका खांद्यावर. युद्ध किंवा दुष्काळ आला की याच टोपल्यांतून लोक घर नेत: एका बाजूला भांडीकुंडी, दुसऱ्या बाजूला बसवलेले लहान मूल. आरंभीच्या त्या इंग्रजी वाक्यासाठी हा सहावा पर्याय.

हा शब्द किती खोल रुजला आहे, हे त्याच्या उपयोगांवरून दिसते. गावोगाव फिरणाऱ्या जुन्या नाटकमंडळीला 'गाञ हात' म्हणतात. यातील 'हात' म्हणजे गाणे. थोडक्यात, गाण्याची कावड. 'गाञ नङ' म्हणजे जड कावड, अर्थात कोणताही आर्थिक वा मानसिक बोजा. 'गाञ वाक' या जोडशब्दात दोन ओझी एकत्र येतात आणि अर्थ होतो जबाबदारी पेलणे. देशाच्या नकाशाचे वर्णनही याच शब्दाने केले जाते. व्हिएतनाम उत्तर-दक्षिण लांबलचक, मध्ये चिंचोळा आणि दोन्ही टोकांना फुगलेला देश आहे. उत्तरेला तांबड्या नदीचा त्रिभुज प्रदेश, दक्षिणेला मेकाँगचा. दोन्ही भाताची कोठारे. म्हणून मध्य व्हिएतनाम ही दांडी आणि दोन त्रिभुज प्रदेश या तिच्या टोकांच्या टोपल्या, असे तेथील लोक परंपरेने म्हणत आले आहेत. वादळे आणि पूर मध्य भागाच्याच वाट्याला अधिक येतात, त्यामुळे ओझे नेमके कोणावर आहे हेही त्या प्रतिमेत आपोआप येते.

इंग्रजी 'कॅरी'चा इतिहास याच्या उलट आहे. हा शब्द नॉर्मन फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याच्या मुळाशी चाकांची गाडी या अर्थाचा 'कार्रुस' हा लॅटिन शब्द आहे. 'कार', 'कार्गो' आणि 'चार्ज' ही त्याच घरातली भावंडे. म्हणजे 'कॅरी' जन्मला तो गाडीतून माल नेण्यासाठी. माणसाच्या खांद्यावर तो नंतर चढला. वाहण्यासाठी इंग्रजीचा अस्सल जुना शब्द 'बेअर' हा होता. संस्कृतातील 'भृ' धातू आणि आपला 'भार' हे त्याचेच दूरचे नातेवाईक. 'कॅरी'ने त्याला रोजच्या कामातून हळूहळू हटवले आणि दुःख, फळ व साक्ष यांच्यापुरते ठेवले. गाडीला ओझे कोणत्या अवयवावर आहे याच्याशी काय कर्तव्य? 'कॅरी' असा तटस्थ का, याचे थोडेफार उत्तर त्याच्या या कुळकथेत सापडू शकेल.

व्हिएतनामीतही वाहनांची क्रियापदे आहेत, पण तीही मोघम नाहीत. गाडीने, बोटीने नेणे म्हणजे 'चऽ'. सायकल किंवा मोटारसायकलवर मागे बसवून नेण्यासाठी उत्तरेत 'देओ' हा वेगळा शब्द आहे. मराठी शहरांत 'डबलसीट' म्हणतात तो हाच प्रकार. पाठीवर सॅक अडकवण्याचा शब्दही देवनागरीत 'देओ' असाच लिहावा लागेल. दोहोंत फरक आहे तो फक्त सुराचा. डबलसीटच्या 'देओ'चा सूर घसरता आहे आणि त्याच सुरात उच्चारलेल्या नामाचा अर्थ घाट, खिंड असा होतो. ह्वे आणि दानांग यांच्यामधला हाय वान घाट हा असाच एक 'देओ'.

पण वाहनांच्या क्रियापदांत इतिहास ज्याच्या वाट्याला आला तो शब्द म्हणजे 'थो'. मूळ अर्थ जनावराच्या पाठीवर लादून नेणे. आपल्याकडच्या लमाणांच्या बैलांचे काम ते हेच. १९५४ साली दिएन बिएन फूच्या लढाईत हा शब्द जनावरावरून सायकलवर आला. वायव्येकडील त्या दुर्गम खोऱ्यात फ्रेंच सैन्याने तळ ठोकला होता आणि एवढ्या अंतरावर मोठ्या सैन्याला रसद पुरवणे व्हिएत मिन्हला जमणार नाही, असा फ्रेंच सेनापतींचा हिशेब होता. त्या हिशेबात 'थो' नव्हता. अन्नधान्य आणि दारूगोळा नेण्यासाठी २० हजारांहून अधिक सायकली डोंगरवाटांवर उतरल्या. त्यांतील अनेक फ्रेंच बनावटीच्याच होत्या. या सायकलींवर कोणी बसत नसे. हँडलला बांबूचा लांब दांडा बांधून दिशा द्यायची, आसनाच्या नळीत दुसरा दांडा उभा खोचून ढकलायचे आणि सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना पोती लटकवायची. अशी एक सायकल २०० ते ३०० किलो भार नेत असे. मा वान थांग या सायकलचालकाने एका खेपेत ३५२ किलो वाहून नेल्याची नोंद आहे. सायकलींच्या जोडीला 'गाञ' करणारे स्त्री-पुरुष हजारोंच्या संख्येने होतेच. ७ मे १९५४ रोजी फ्रेंच तळ पडला. या मोहिमेच्या इंग्रजी वर्णनात सायकली, कावडी आणि खांद्यावरची पोती या साऱ्यांसाठी एकटा 'कॅरी' राबवता येतो. व्हिएतनामी वर्णनात कोण काय करत होता, हे क्रियापदावरूनच दिसते. म्हणूनच अशा मजकुराचा इंग्रजीमार्गे अनुवाद करणाऱ्याने विशेष जपायला हवे. 'वाहून नेले' या दोन शब्दांत सगळे गुंडाळले, तर अर्धी लढाई गळून पडते.

हे शब्द रोमन लिपीत नोंदले जाण्याच्या कथेला गोव्याचा एक धागा आहे. पोर्तुगीज जेझुइट पाद्री फ्रान्सिस्को द पिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिएतनामीसाठी रोमन लिपी घडवायला सुरुवात केली. आलेक्सांद्र द रोड यांनी १६५१ साली रोममध्ये व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश प्रसिद्ध केला. हे द रोड पूर्वेकडे जाताना १६१९ मध्ये गोव्यात उतरले होते आणि तिथे काही काळ राहिले होते. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' रायतूरला छापले गेले ते १६१६ मध्ये, म्हणजे अवघ्या तीन वर्षांपूर्वी. परकी भाषा कानाने ऐकून रोमन अक्षरांत बसवण्याचा जो खटाटोप गोव्यात चालला होता, त्याच परंपरेतले काम पुढे व्हिएतनाममध्ये झाले. आज व्हिएतनामी अक्षरांच्या डोक्यावर आणि पायाशी जी चिन्हे दिसतात ती या काळापासूनची.

भौतिक ओझे संपून 'कॅरी' जेव्हा लाक्षणिक होतो, तेव्हा व्हिएतनामी काय करते? येथे 'माङ' पुन्हा पुढे येतो. 'माङ थाय' म्हणजे गर्भवती असणे. रोगजंतू शरीरात बाळगणे, एखाद्या रस्त्याने थोर व्यक्तीचे नाव धारण करणे, कर्ज असणे या साऱ्यांना 'माङ' चालतो. 'माङ अन' म्हणजे कोणाच्या उपकाराचे ऋण असणे. 'तिएङ' म्हणजे आवाज; 'माङ तिएङ' म्हणजे बदनामी पदरी पडणे. ओळ अशी दिसते, की मनात आले म्हणून उतरवून ठेवता येत नाही ते 'माङ' आणि जड असूनही माणूस पेलतो ते 'गाञ'. अवयवांचे शब्दही शब्दशः अर्थापुरते थांबत नाहीत. न बोलावता, निलाजरेपणाने हजर होणाऱ्याविषयी 'वाक मत', म्हणजे तोंड खांद्यावर टाकून आला, असे म्हणतात. मराठीतील 'कोणत्या तोंडाने आलास?' याच्या हे फार जवळचे आहे. परक्या शत्रूला घरात आणणाऱ्या फितुरासाठी तर 'कॉङ' वापरलेली म्हणच आहे: साप पाठुंगळीला घेऊन आला आणि घरची कोंबडी चाववली.

'साइक'चे नशीब मात्र आधुनिक निघाले. 'ताय' म्हणजे हात. 'साइक ताय' हे विमानातल्या हातसामानाला म्हणतातच, पण लॅपटॉपचे रूढ नावही 'माय तिञ साइक ताय', म्हणजे हाती लटकवून न्यायचे गणनयंत्र, असे आहे. परदेशातून कोणीतरी सामानातून आणलेल्या आणि मग विकल्या जाणाऱ्या वस्तूंनाही 'साइक ताय' माल म्हणतात. आणि कवटाळणाऱ्या 'ओम'ने एका धंद्याला नाव दिले. 'से ओम', म्हणजे मिठीची गाडी, ही मोटारसायकल-टॅक्सी. मागे बसणाऱ्याने चालकाला धरून बसायचे म्हणून. मराठी कानाला हा शब्द भलताच मंगल वाटेल, पण त्यात भाडे ठरवण्याची घासाघीस पुष्कळ असे. २०१४ नंतर मोबाइल ॲपवरून बोलावता येणाऱ्या दुचाक्या आल्या, तेव्हा त्यांना 'तंत्रज्ञानाची से ओम' असे नाव पडले. घासाघीस गेली, मिठी राहिली.

इंग्रजीचे काही 'कॅरी' असे आहेत, की तिथे वाहण्याची कल्पनाच सोडून द्यावी लागते. वृत्तपत्राने बातमी 'कॅरी' केली तर व्हिएतनामीत ती छापली जाते, दुकानदार एखादा माल 'कॅरी' करत असेल तर तो तो विकतो. काम पार पाडणे किंवा चालू ठेवणे यासाठी चिनीतून आलेले 'तिएन हाञ' आणि 'तिएप तुक' असे दोन-दोन अक्षरी, कार्यालयीन वळणाचे शब्द येतात. आणि बेरजेतला 'कॅरी'? सात अधिक पाच बारा. इंग्रज मूल एक 'वाहून' नेते. मराठी मूल दोन मांडून 'हातचा एक' धरते. व्हिएतनामी मूल म्हणते, दोन लिहिले, एक 'न्यऽ'. 'न्यऽ' म्हणजे लक्षात ठेवणे. दूर असलेल्या माणसाची आठवण येण्यालाही हाच शब्द आहे.

खऱ्या कावडीची वाट मात्र अरुंद होत गेली आहे. हनोई प्रशासनाने २००८ मध्ये शहरातील अनेक रस्त्यांवर फेरीवाल्यांना मनाई केली. आसपासच्या खेड्यांतून येणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांच्या खांद्यावरच्या दांड्या त्याने नाहीशा झाल्या नाहीत, पण पुष्कळ जणींनी टोपल्या सायकलीवर बांधल्या. शब्दाला मात्र नवे काम मिळाले आहे. संगणकावरील सांघिक खेळांत एकटा चांगला खेळाडू बाकीच्यांना विजयापर्यंत नेतो, त्याला जगभरचे खेळाडू इंग्रजीत 'कॅरी' म्हणतात. व्हिएतनामी तरुणांनी हा 'कॅरी' स्वतःच्या भाषेत आणला तेव्हा 'माङ' घेतला नाही, 'वाक' किंवा 'कॉङ'ही नाही. त्यांनी 'गाञ' घेतला. एखाद्याला फारच कच्चे सोबती मिळाले, तर तो पाठीला पोक येईपर्यंत 'गाञ' करतोय, असे ते म्हणतात.